जॅग्वार ई-टाइप आणि एफ-टाइप: एकाच घराण्यातल्या दोन गाड्या, मध्ये ५२ वर्षं आणि एक बॉम्बे हाऊस

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पिंगुळीजवळ मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला उभं राहिलं, की पाच मिनिटांत अर्ध्या महाराष्ट्राच्या आरटीओंचे नंबर दिसतात. बहुतेक एसयूव्ही, मागच्या काचेतून डोकावणाऱ्या उशा आणि बॅगा. त्यातच कधीतरी एखादी बुटकी, रुंद, दोनच माणसं बसतील अशी गाडी खर्जात गुरगुरत निघून जाते. मग चहाच्या टपरीवर ठरलेला प्रश्न येतो, "गाडी खंयची रे?"

ती गाडी जॅग्वार एफ-टाइप असेल, तर या साध्या प्रश्नाचं उत्तर सोपं नाही. ब्रिटिश म्हणावं, तर कंपनीची मालकी २००८ पासून टाटांकडे, म्हणजे मुंबईच्या फोर्टातल्या बॉम्बे हाऊसकडे. भारतीय म्हणावं, तर ती बर्मिंगहॅमला तयार होऊन जहाजातून इथे आली आणि आपल्याच सरकारने तिच्यावर परदेशी गाडीचा कर लावला.

आणि ही गाडी कोणाची नात, हेही बघावं लागतं. तिची आजी म्हणजे १९६१ ची जॅग्वार ई-टाइप. जगातली सगळ्यात देखणी गाडी कोणती, असा वाद जिथे जिथे होतो तिथे हिचं नाव निघतंच. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९६ मध्ये एक निळी ई-टाइप आपल्या कायमच्या संग्रहात घेतली.

तर या दोघींत फरक काय? आणि आजीनंतर नात यायला इतकी वर्षं का लागली?

आधी नावाचं बघू. ई आणि एफ म्हटल्यावर ए, बी, सी, डी कुठे गेल्या? ए आणि बी नव्हत्याच. १९४८ मध्ये जॅग्वारने एक्सके १२० नावाची स्पोर्ट्स कार आणली. तिची शर्यतीसाठी केलेली आवृत्ती म्हणजे एक्सके १२०-सी. हा सी म्हणजे कॉम्पिटिशनचा सी. लोक तिला सी-टाइप म्हणू लागले आणि तिने १९५१ व १९५३ मध्ये फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत मारली. पुढच्या गाडीला मग डी-टाइप म्हणणं ओघानेच आलं. तिने १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं तीच शर्यत जिंकली. ई-टाइप ही या शर्यतीच्या गाड्यांचं शहाणपण रस्त्यावर आणण्यासाठी बनवलेली गाडी होती.

१५ मार्च १९६१ ला जिनिव्हाच्या एका बागेत ती पहिल्यांदा पत्रकारांना दाखवली गेली. गाडीत बसून फेरी मारायला इतकी झुंबड उडाली की एक गाडी पुरेना. जॅग्वारचे सर्वेसर्वा सर विल्यम लायन्स यांनी इंग्लंडला फोन लावला, आणि कंपनीचा टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन डेविस याने दुसरी ई-टाइप कॉव्हेंट्रीहून निघून रातोरात जिनिव्हाला आणली. ती गाडी, नंबर ७७ आरडब्ल्यू, आजही इंग्लंडमध्ये आहे.

एवढं काय होतं तिच्यात?

एक म्हणजे आकार. तो काढणारा माल्कम सेयर हा गाड्यांचा डिझायनर नव्हताच, तो विमान कंपनीतून आलेला माणूस. हवा कापत जाणारी वस्तू कशी असावी, हे तो गणिताने मांडायचा. कॉम्प्युटर नव्हते, त्यामुळे लॉगॅरिदमची कोष्टकं आणि स्लाइड रूल घेऊन तो वक्ररेषेचा एकेक बिंदू काढत बसे. स्वतःला स्टायलिस्ट म्हणवून घेणं त्याला आवडत नसे. पिंगुळीच्या चित्रकथीत पात्राचा बाजूने दिसणारा चेहरा आणि एक सलग रेष सगळं सांगून जाते, तशी ई-टाइप ही बाजूने बघायची गाडी आहे. लांबलचक बॉनेट, मागे सरकलेली केबिन, आणि कुठेही न तुटणारी एक रेष. समोरून बघितलं तर ती उलट जरा भोळसट दिसते.

दुसरं म्हणजे आतली यंत्रणा. ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, तीन कार्ब्युरेटर, कंपनीच्या सांगण्यानुसार २६५ हॉर्सपॉवर. या इंजिनाची जन्मकथा दुसऱ्या महायुद्धातली. कॉव्हेंट्रीवर जर्मन बॉम्ब पडत असताना कारखान्याच्या छपरावर आग लागते का हे बघायला रात्रपाळीने माणसं बसत. त्या रात्रींत कंपनीचे इंजिनिअर युद्धानंतर कोणतं इंजिन बनवायचं, यावर खल करत बसत. त्यातून निघालेलं इंजिन १९४८ मध्ये बाजारात आलं आणि या ना त्या गाडीत १९९२ पर्यंत बनत राहिलं.

चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, हे १९६१ मध्ये महागड्या गाड्यांनाही नेहमी मिळत नसे. हे मागचं सस्पेन्शन बॉब नाइट या इंजिनिअरने लायन्स यांच्याशी पैज लावून महिन्याच्या आत तयार केलं, असं जॅग्वारच्या वर्तुळात सांगितलं जातं. पैजेचं खरं-खोटं बाजूला ठेवलं, तरी त्याच मांडणीवर कंपनीने पुढची तीन दशकं काढली हे खरं आहे.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे इटलीच्या आणि इंग्लंडच्या बाकी कंपन्यांची झोप उडाली, ती म्हणजे किंमत. करासकट सुमारे २,१०० पौंड. ॲस्टन मार्टिनची त्या वेळची डीबी४ जवळपास दुप्पट महाग होती, फेरारी त्याहून वर. तेव्हाच्या दराने, म्हणजे पौंडाला सव्वातेरा रुपयांच्या आसपास धरलं, तर ही रक्कम २८ हजार रुपयांच्या घरात जाते. अर्थात हा हिशोब कागदावरचाच. परदेशी गाडी आणायची तर आयात परवाना लागे आणि तो मिळणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. त्या वर्षी टाटांची टेल्को जमशेदपूरला जर्मन कंपनीच्या सहकार्याने ट्रक बनवत होती. पिंपरी-चिंचवडचा कारखाना अजून उभा राहायचा होता.

कंपनी म्हणे, ही गाडी ताशी १५० मैल जाते, म्हणजे २४१ किलोमीटर. पत्रकारांना दिलेल्या, जरा हात फिरवलेल्या गाड्यांनी हा आकडा गाठलाही. शोरूममधली गाडी थोडी मागे राही. गंमत म्हणजे हे करून बघणं तेव्हा कायदेशीर होतं. इंग्लंडच्या मोटरवेवर वेगमर्यादाच नव्हती, ती डिसेंबर १९६५ मध्ये आली.

आता कौतुकाची दुसरी बाजू. सुरुवातीच्या ई-टाइपमध्ये उंच माणसाचे पाय मावत नसत. पहिला गिअर टाकताना कटकट होई, ब्रेक वेगाच्या मानाने कमी पडत, ट्रॅफिकमध्ये इंजिन तापे आणि काचेच्या झाकणाआडचे दिवे रात्री मंद वाटत. १९६४ मध्ये ४.२ लिटरचं इंजिन आणि सुधारलेला गिअरबॉक्स आल्यावर बऱ्याच तक्रारी मिटल्या. पण मग अमेरिकेचे नियम आले. धूर कमी करा, सुरक्षितता वाढवा. १९६८ पर्यंत दिव्यांवरची काच गेली, अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांचे तीन कार्ब्युरेटर जाऊन दोन आले. १९७१ मध्ये बॉनेटखाली ५.३ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन बसवलं. गाडी जड आणि आरामशीर झाली आणि तिचा तो काटकपणा गेला. १९७४ मध्ये उत्पादन थांबलं तोवर सुमारे ७२ हजार गाड्या विकल्या गेल्या होत्या. जाणकार आजही पहिल्या सीरीजच्या मागे धावतात ते उगाच नाही.

नातीला उशीर का झाला?

१९७४ ते २०१२. अडतीस वर्षं. या काळात जॅग्वारकडे दोन दारांच्या गाड्या होत्या, पण १९७५ ची एक्सजे-एस किंवा १९९६ ची एक्सके८ या लांबच्या प्रवासाला निवांत नेणाऱ्या गाड्या. ई-टाइपची खरी वारस त्यांना कोणी म्हटलं नाही.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९८० च्या दशकात एक्सजे४१ नावाचा प्रकल्प कंपनीत सुरू होता, तीच एफ-टाइप होणार असं सगळे धरून चालले होते. वर्षामागून वर्षं गेली, गाडी जड आणि महाग होत गेली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या फोर्डने जॅग्वार विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी हा प्रकल्प गुंडाळला. त्यावर झालेलं काम फुकट गेलं नाही, ते ॲस्टन मार्टिन डीबी७ च्या कामी आलं. (ॲस्टन मार्टिनही तेव्हा फोर्डकडेच होती.) मग २००० साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात जॅग्वारने एफ-टाइप याच नावाची एक छोटी, उघडी गाडी मांडली. लोक खूश झाले. दोनेक वर्षांत तीही बारगळली.

२००८ च्या जूनमध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून २.३ अब्ज डॉलरला घेतल्या. या व्यवहाराभोवती सोशल मीडियावर फिरणारी गोष्ट बहुतेकांनी वाचली असेल: १९९९ मध्ये टाटांची मंडळी आपला कार विभाग विकायला फोर्डकडे गेली, तिथे त्यांना कमी लेखलं गेलं, आणि नऊ वर्षांनी फासे उलटे पडले. ही गोष्ट हवेतून आलेली नाही. २०१५ मध्ये मुंबईत रतन टाटांच्या वतीने यशवंतराव चव्हाण पुरस्कार स्वीकारताना टाटा समूहाचे अधिकारी प्रवीण काडले यांनी ती जाहीरपणे सांगितली होती. पण व्हॉट्सॲपवर तिला जो सूडाचा मसाला लागतो, त्यात पुढची दोन वर्षं गाळली जातात. खरेदीनंतर तीन महिन्यांत लेहमन ब्रदर्स कोसळली आणि महागड्या गाड्यांची मागणी आटली. २००८-०९ या वर्षात टाटा मोटर्सला एकत्रित सुमारे २,५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. दोन्ही ब्रँड गळ्यात पडलेला धोंडा ठरणार असं तेव्हा भारतातही लोक उघड बोलत होते.

एफ-टाइपचं महत्त्व इथे आहे. तोट्यात असलेली कंपनी आधी खर्च कापते, आणि दोन सीटची स्पोर्ट्स कार ही कापण्याच्या यादीत पहिली असते. फोर्डच्या काळात दोनदा तेच झालं होतं. या वेळी झालं नाही. सप्टेंबर २०११ मध्ये फ्रँकफर्टला सी-एक्स१६ हे कॉन्सेप्ट मॉडेल आलं, सप्टेंबर २०१२ मध्ये पॅरिसला खरी गाडी दाखवली गेली, आणि त्याच डिसेंबरात रतन टाटा अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. २०१३ मध्ये गाडी रस्त्यावर आली. डिझायनर इयान कॅलम. त्या वर्षीचा जगातल्या सर्वोत्तम कार डिझाइनचा पुरस्कारही तिलाच मिळाला.

दोघी शेजारी उभ्या केल्या तर

लांबी बघितली तर आश्चर्य वाटेल. पहिली ई-टाइप सुमारे ४.४५ मीटर, एफ-टाइप ४.४७ मीटर. जवळपास सारख्याच. फरक रुंदीत आहे: १.६६ मीटर विरुद्ध १.९२ मीटर. म्हणजे नात एका वितीपेक्षाही जास्त रुंद आहे. कोकणातल्या गावरस्त्यावर समोरून एसटी आली, की हा फरक लगेच कळेल. वजनातही तेच. आजी साधारण १,२०० ते १,३०० किलो, नात व्ही-६ इंजिनासह १,६०० च्या आसपास, आणि तेही ॲल्युमिनिअमची असून.

हे वजन कुठून आलं? एअरबॅग, अपघातात चुरगळून आतल्या माणसाला वाचवणारा सांगाडा, रुंद टायर, एसी, आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स. ई-टाइपचं ते जमिनीलगत वाकलेलं नाक तर आता कायद्यानेच करता येत नाही. धडकलेल्या पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आपटलं तर खालच्या इंजिनापर्यंत काही जागा राहिली पाहिजे, असा नियम आहे. त्यासाठी एफ-टाइपचं बॉनेट धडक बसताच स्वतःहून थोडं वर उचललं जातं. नव्या गाड्या जुन्यांसारख्या सुंदर का नसतात, याचं बरंचसं उत्तर या एका भागात आहे.

ताकदीत तुलना करणं म्हणजे नातीवर मेहेरबानी. सुरुवातीच्या व्ही-८ मॉडेलची ताकद ४९५ हॉर्सपॉवर, कमाल वेग ताशी ३०० किलोमीटर. २०१६ ची एसव्हीआर ५७५ हॉर्सपॉवर आणि ३२२ किलोमीटरवर गेली. उलट बाजूने बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. २०१७ मध्ये आलेली सगळ्यात साधी, चार सिलिंडरची एफ-टाइप ताशी २५० किलोमीटर जाते. म्हणजे ५६ वर्षांनंतरची सगळ्यात धाकटी नात आजीच्या जाहीर वेगापेक्षा जेमतेम नऊ किलोमीटर पुढे. आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दोघींनाही मर्यादा १०० चीच.

चालवण्यातला फरक मात्र आकड्यांत येत नाही. ई-टाइपचं स्टीअरिंग मोठं, लाकडाचं, पॉवर नसलेलं. रस्त्यावरचा खडा हाताला कळतो, पेट्रोलचा वास आत येतो, पाऊस आला तर चिमुकले तीन वायपर काच पुसत राहतात. एफ-टाइपमध्ये चूक करायला जागाच कमी. चाक घसरायला लागलं की कॉम्प्युटर आधी सावरतो. तिचा आवाज मात्र मुद्दाम घडवलेला आहे: सायलेन्सरमधली झडप उघडली की ॲक्सिलरेटर सोडताना फटफट फुटल्यासारखा आवाज येतो. शेजारपाजाऱ्यांना तो किती आवडेल, हा वेगळा भाग.

पिंगुळीत ठेवायची झाली तर?

कल्पनाच करायची तर पुरती करू. अरबी समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हा ई-टाइपचा सगळ्यात मोठा शत्रू. तिचं शरीर साध्या पोलादी पत्र्याचं, आणि दाराखालचे पोकळ पट्टे, जे सगळा भार पेलतात, ते आतून गंजत जातात. वरून रंग झकास आणि आत भुसा, अशा ई-टाइपनी इंग्लंडमध्येच कित्येकांना रडवलं आहे. कोकणात तर बंद, कोरडी खोली हवीच. एफ-टाइपचं ॲल्युमिनिअम तसं गंजत नाही.

पण दुरुस्तीत पारडं फिरतं. ई-टाइप हे एक मोठं, किचकट पण समजण्यासारखं यंत्र आहे. कार्ब्युरेटर, पॉइंट, फिल्टर ही भाषा कुडाळ-सावंतवाडीतल्या जुन्या मिस्त्रींना नवी नाही, आणि इंग्लंडमध्ये तिचे जवळपास सगळे सुटे भाग आजही बनतात. अपवाद मागच्या ब्रेकचा. त्या डिस्क चाकांपाशी नसून आत डिफरन्शिअलला चिकटून आहेत, त्यामुळे त्या बदलायच्या म्हणजे गाडी अर्धी खोलावी लागते. एफ-टाइपचा सांगाडा रिव्हेट आणि खास गोंदाने जोडलेला असतो. ठोकून सरळ करणं, वेल्डिंग मारणं इथे चालत नाही. ती थेट कंपनीच्या वर्कशॉपला, म्हणजे गाडी ट्रकवर आणि ट्रक मुंबई-पुण्याकडे.

राहिला कर आणि कायदा. टाटांनी २०११ पासून पुण्यात लँड रोव्हरची आणि २०१३ पासून जॅग्वार एक्सएफची जुळणी सुरू केली. एफ-टाइप मात्र कायम पूर्ण तयार होऊनच भारतात आली. ती आली त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात अशा महागड्या आयात गाड्यांवरचा सीमाशुल्काचा दर ७५ वरून १०० टक्के झाला होता. मालक मुंबईचा असला तरी कस्टमच्या लेखी ती विलायतीच. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात ठराविक संख्येपर्यंतच्या ब्रिटिश गाड्यांवरचा हा कर टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचं ठरलं. पण एफ-टाइपचं उत्पादन २०२४ मध्येच थांबलं होतं. अकरा वर्षांत सुमारे ८७ हजार गाड्या बनल्या, म्हणजे ई-टाइपपेक्षाही जास्त. जॅग्वार आता फक्त इलेक्ट्रिक गाड्या बनवणार आहे, त्यामुळे पेट्रोलवर चालणाऱ्या या घराण्यात जी-टाइप येणार नाही.

आजीचं मात्र नशीब उघडलं. पूर्वी १९५० च्या आधीच्या गाड्याच जुन्या म्हणून मोकळेपणाने आणता येत. २०२५ मध्ये ही अट पन्नास वर्षांवर आली, म्हणजे १९६१ ते १९७४ मधली प्रत्येक ई-टाइप त्यात बसते. कर भरायची तयारी मात्र हवी. नोंदणीचे नियम २०२१ पासून आहेत: नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं आणि नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही दोन अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. त्यामुळे पिंगुळीच्या टपरीवरून कधी 'एमएच व्हीए' नंबरची लांब नाकाची गाडी जाताना दिसली, तर ती एक तर रॅलीला निघाली असेल, नाहीतर पंपावर.